आपल्या नावाने पत्र कोण पाठवते?

भिवंडी-मालेगावचा कापड व्यापारी असो की धारावीतला चामड्याच्या बॅगांचा कारागीर, बाहेरगावच्या ऑर्डरी, कोटेशने, बिले आता ई-मेलवर येतात-जातात. रात्री दुकानाचे कुलूप दोनदा ओढून पाहणारे आपले व्यापारी बांधव संगणकाचा दरवाजा मात्र सताड उघडा ठेवतात, ही चिंतेची बाब आहे.

ई-मेलच्या प्रोग्रॅममध्ये आपल्या साऱ्या गिऱ्हाइकांचे पत्ते असतात. दुसरा एखादा प्रोग्रॅम तेथे शिरून आपल्या नावाने पत्रे धाडू शकतो. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ विषाणू वर्डच्या फाइलमधून शिरला आणि आउटलुकच्या यादीतील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःच रवाना झाला. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ने तर एकही पत्ता सोडला नाही. ओळखीच्या माणसाचे पत्र, म्हणून लोकांनी बेधडक उघडले.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने आउटलुकमध्ये पहारा बसवला. परका प्रोग्रॅम पत्ते वाचू लागला किंवा पत्र पाठवू लागला, की आउटलुक मालकाला विचारते. विंडोजवरील नेहमीच्या आउटलुकमध्ये ही सोय ‘ट्रस्ट सेंटर’मधील ‘प्रोग्रॅमॅटिक ॲक्सेस’ या ठिकाणी आहे. तेथे तीन पर्याय दिसतात : अँटिव्हायरस बंद किंवा जुना असेल तेव्हाच इशारा द्या, नेहमी द्या, कधीच देऊ नका.

गडबड होते ती या तिसऱ्या पर्यायामुळे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बिले पाठवताना इशाऱ्याची चौकट वारंवार येते, मुनीमजी वैतागतात, आणि बसवायला आलेला मुलगा ‘कधीच नको’वर खूण करून मोकळा होतो. (त्याला पुढच्या दुकानात जायचे असते!) एका प्रोग्रॅमसाठी सगळ्यांनाच मोकळे रान मिळते. आमचे स्पष्ट मत आहे की, हा पर्याय कोणीही घेऊ नये. अँटिव्हायरस चालू व ताजा ठेवला, तर पहिल्या पर्यायात चौकटीचा त्रास होत नाही. हे बदलण्यास ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. ते मालकाने स्वतःकडे ठेवावेत, रोजच्या कामासाठी साधे खाते द्यावे.

इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो २०२२ पासून ऑफिस आपणहून अडवते. ‘अडथळा काढा, मग ऑर्डर दिसेल’ असे कोणी लिहिले, तर ती ऑर्डर नव्हेच. मोबाइलवर बिल किंवा लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल आली, तर तेही बिल नव्हे, प्रोग्रॅम आहे. बसवू नये.

नुकसान केवळ संगणकाचे होत नाही. आपल्या पत्त्यावरून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र गिऱ्हाइकाला गेले आणि त्याने पैसे भरले, तर वीस वर्षांची ओळख एका दिवसात तुटते. म्हणून खाते बदलल्याचे पत्र आले, की जुन्या नंबरवर फोन करून विचारावे, आणि आपल्या गिऱ्हाइकांनाही तसे आधीच सांगून ठेवावे. पैसे गेलेच, तर वाट न पाहता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी.