सावकाश होऊ द्या!

पंगतीत वाढून झालं, श्लोक म्हणून झाला, की यजमान हात जोडून म्हणतात, "सावकाश होऊ द्या." किती गोड वाक्य आहे बघा. पण मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्हाला कुणी शेवटचं कधी म्हटलं होतं, आठवतंय? पाहुण्यांना आग्रह, पुरुषांना आग्रह. बायकांची पंगत बसते तेव्हा आमटी निवलेली, जिलबी संपत आलेली आणि वाढपी भांडी गोळा करायच्या घाईत. घरी तर पंगतसुद्धा नाही. ओट्याशी उभं राहून, पातेल्याच्या तळाशी उरलेला भात कालवून चार घास घेतले की झालं जेवण.

म्हणूनच मला वाटतं, बाईनं अधूनमधून चांगल्या, थोड्या महागड्यासुद्धा हॉटेलात जाऊन दुपारचं जेवण निवांत जेवावं. याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

मुंबईतल्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आम्ही बचत गटाचे पापड-मसाले घेऊन जातो. मागच्या खेपेला प्रदर्शन आटोपल्यावर आम्ही चौघी लोअर परळच्या अशाच एका हॉटेलात जेवायला गेलो. आमच्यातल्या एकीची लेक तिथेच जवळ नोकरीला आहे, तिनं टेबल सांगून ठेवलं होतं. जुन्या गिरणीचं आवार. उंच छत, उघड्या विटांच्या भिंती, टेबलावर कापड नाही, वाढणारी मुलं जीन्स आणि कॅनव्हासचे बूट घातलेली. श्रीमंती होती, पण दरारा नव्हता. आमच्या सुती साड्या आणि खांद्यावरच्या पिशव्या पाहून कुणी नाक मुरडलं नाही.

मेनूकार्डात चक्क थालीपीठ! किंमत साडेतीनशे रुपये. "एवढ्यात मी अख्खी गल्ली जेवू घालीन," काकू पुटपुटल्या. खरं सांगायचं तर थालीपीठ आपल्याकडचंच बरं. भोकांत तेल सोडून, वर झाकण ठेवून येणारा खरपूसपणा त्याला नव्हता. काळ्या वाटाण्याची आमटी मात्र झकास होती, आणि मुख्य म्हणजे गरम होती. मध्येच उठून कुणाला पोळी वाढायची नव्हती.

काकूंचं ताट दहा मिनिटांत रिकामं. सवयीनं त्या सगळ्यांच्या ताटल्या एकात एक रचायला लागल्या. वाढणारा मुलगा धावत आला, "राहू द्या मावशी, तुम्ही बसा आरामात." काकूंना आपले हात कुठे ठेवावेत तेच कळेना. मग कोकम सरबत आलं, गप्पा लांबल्या, आणि काकू सहज म्हणाल्या की शाळेत त्या खो-खोच्या कप्तान होत्या, जिल्ह्यापर्यंत खेळल्या होत्या. आठ वर्षं आम्ही एका गटात आहोत. हप्ते, व्याज, पापडाचं पीठ यापलीकडे त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बोलायला वेळ लागतो हो, आणि तो बसल्याशिवाय मिळत नाही. आम्ही तिथे अडीच तास बसलो होतो.

ज्या गिरणगावात हे हॉटेल थाटलंय, तिथेच एके काळी गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. दहा बाय दहाच्या खोलीत पहाटेपासून पाळीपाळीनं स्वयंपाक, किराण्यासाठी सावकाराचं कर्ज. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले, पुढे गिरण्या थंडावल्या आणि त्यांच्या जागेवर ऑफिसं, मॉल, हॉटेलं आली. हजारो ताटं वाढणाऱ्या त्या बायकांना निवांत बसून जेवायला किती वेळा मिळालं असेल? जेवताना हा विचार माझ्या मनातून जात नव्हता.

"घरात एवढं असताना बाहेर कशाला?" हा प्रश्न आपल्याला हमखास विचारला जातो. मित्रांबरोबर ढाब्यावर जाणाऱ्या पुरुषाला तो कुणी विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याची कारणं अनेक आहेत, पण सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं हेही त्यातलं एक आहे, असं मी गावोगावच्या शिबिरांत बायकांशी बोलून म्हणते. एका दिवसाच्या हॉटेलानं रक्त वाढणार नाही, हे मलाही कळतं. पण आपल्याही पुढ्यात कुणी पहिल्यांदा गरम वाढू शकतं, हे एकदा अनुभवलं की घरी मागायला जीभ रेटते.

आणि हो, बिल नीट वाचा. आमच्या बिलात दहा टक्के 'सर्व्हिस चार्ज' लावला होता. जीएसटी सरकारी कर आहे, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज तसा नाही. तो आपोआप बिलात लावता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. आम्ही शांतपणे सांगितलं, त्यांनी काढून टाकला. ऐकलंच नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढणाऱ्या त्या मुलाला मात्र आम्ही आपखुशीनं शंभर रुपये ठेवले.

आमच्या गटात आता महिन्याला पन्नास रुपयांची जेवणाची वेगळी भिशी सुरू आहे. तालुक्याच्या गावी तसं हॉटेल कुठलं असायला? हायवेवरच्या फॅमिली रेस्टॉरंटच्या मालकांना सांगून ठेवलंय, अकराजणी येणार, दुपारी साडेबाराला, आणि तीनशिवाय टेबल सोडणार नाही. जेवणात काय काय हवं, ते काकू ठरवणार आहेत.