स्वयंपाकघरांतील चार शब्द : खोक्यांतील पीठ आणि चॉकोलेटच्या कुकी

सुटीच्या दिवसांत अमेरिकेंतून परतणाऱ्या आप्तांच्या सामानांत हल्लीं केकच्या तयार पिठाचें एखादें खोकें हटकून निघतें. आपल्याकडील दुकानांतूनहि तसलीं खोकीं आतां नवीं राहिलेलीं नाहींत. केकसाठीं बांधलेल्या त्याच पिठापासून तासाभराच्या आंत चॉकोलेटच्या कुकी, म्हणजे कडेला खुसखुशीत आणि पोटांत मऊ राहणारीं बिस्किटें, करतां येतात, हें घरांतील मुलींना ठाऊक असतें. यासंबंधीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत दोन तऱ्हेचे प्रश्न असतात. वडील मंडळी विचारतात कीं, असल्या पदार्थाला घरीं केलेला म्हणावें काय? तरुण मंडळी विचारतात कीं, सांगितलें तसें सर्व करूनहि आमची कुकी पापडासारखी पसरते ती कां? पहिल्या प्रश्नावर घरांत खटके उडतात, दुसऱ्यावर फक्त जिन्नस वाया जातात; म्हणून पहिल्यास आधीं हात घालूं.

हें पीठ प्रथम निघालें तें कांहीं गृहिणींच्या विनवणीवरून नव्हे. अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरीं पी. डफ अँड सन्स नांवाची पेढी मोलॅसिसचा, म्हणजे आपल्या काकवीच्या जातीच्या पाकाचा, व्यापार करीत असे. हा चिकट पाक वाळवून पिठांत मिसळला तर तो टिकेल आणि खपेलहि, अशा विचारानें जॉन डफ यांनीं आल्याच्या केकचें कोरडें मिश्रण सिद्ध केलें व १९३३ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. त्यांत अंडेंहि भुकटीच्या रूपानें होतें. वरून केवळ पाणी ओतावयाचें. १९३५ सालीं त्यांना दुसरें पेटंट मिळालें. त्यांत अंड्याची भुकटी गेली होती आणि ताजें अंडें गृहिणीनें आपल्या हातानें घालावें अशी योजना होती. गृहिणींना ताजें अंडें घालणेंच पसंत दिसतें, असें कारणहि त्यांनीं तेथेंच नमूद केलें. पुढें १९४७ मध्यें जनरल मिल्स कंपनीनें बेटी क्रॉकर या नांवानें आपलें पहिलें केकचें पीठ विक्रीस काढलें. (ही बेटी क्रॉकर बाई कधीं जन्मालाच आली नाहीं; गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरें देण्यासाठीं १९२१ सालीं योजिलेलें तें एक नांव आहे.) १९४८ मध्यें पिल्सबरीचें चॉकोलेट केकचें पीठ आलें, आणि आपल्या कुकीचें मूळ येथें सांपडतें.

या अंड्याविषयीं एक कथा मोठ्या चवीनें सांगितली जाते. सर्वच तयार मिळाल्यामुळें बायकांच्या मनाला टोंचणी लागते, तेव्हां त्यांना निदान एक अंडें तरी फोडूं द्यावें, असा सल्ला अर्नेस्ट डिख्टर या मानसशास्त्रज्ञानें १९५० नंतर कंपन्यांना दिला आणि त्यामुळें हीं पिठें खपूं लागलीं, अशी ती कथा. डफ यांचें दुसरें पेटंट त्यापूर्वींच कित्येक वर्षांचें आहे, त्यामुळें कथेचा पाया कच्चा ठरतो. शिवाय ताज्या अंड्यानें केक चांगला होतो, वाळविलेल्या अंड्याला वास येतो, हें कारण टोंचणीपेक्षां पुष्कळच सरळ आहे. पण कथा टिकून राहिली ती कां, याचा विचार करण्यासारखा आहे. आमच्या मतें ती टिकली, कारण बाईनें कष्ट केले नाहींत तर पदार्थांत माया उतरली नाहीं, ही समजूत त्यांच्याकडे जितकी खोल होती तितकीच आपल्याकडेहि आहे.

ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. आपल्या घरांतील जातें कधींच थांबलें, पीठ गिरणींतून येऊं लागलें, म्हणून पोळी परकी झाली नाहीं. नानकटाईचेंच पहा. रवा, मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरींत न्यावयाची, तेथील कारागिरानें ती आपल्या भट्टींत भाजून द्यावयाची, आणि घरीं आणून आपण ती ‘घरची नानकटाई’ म्हणून पाहुण्यांपुढें ठेवावयाची, असा पुण्यामुंबईच्या कित्येक घरांतला रिवाज होता. पुण्यांत १९६३ मध्यें निघालेल्या गिट्स कंपनीच्या पाकिटांतील गुलाबजाम तर सणाच्या पंक्तींत बसून गेले, आणि पंक्तींतील कोणी ब्र काढला नाहीं. मग कुकीच्या खोक्यापाशींच घरपणा कां अडावा? आम्हांस असेंहि दिसून आलें आहे कीं, हा आक्षेप घेणारांत जे सर्वांत पुढें असतात ते बहुधा चुलीपुढें उभे राहणारे नसतात. बारा माणसांच्या घरांत सकाळचा स्वयंपाक, दुपारचा चहा, रात्रीचें जेवण आणि त्याखेरीज नोकरी सांभाळणाऱ्या सुनेनें मुलांच्या हट्टासाठीं एक खोकें उघडलें, तर तिच्याकडे कष्टांचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणाचा?

परंतु खोकें उघडावयाचें तर डोळे उघडे ठेवून. खोक्यावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावी लागते. जो जिन्नस पहिला तो सर्वांत अधिक. केकच्या पिठांत साखर बहुधा पहिली किंवा दुसरी असते, तिच्या जोडीला मैदा, मग कोको, फुगवण्यासाठीं सोडा व आम्लक्षार, थोडें मीठ, आणि तेल व पाणी एकजीव रहावें म्हणून घातलेलीं द्रव्यें. म्हणजे आपण पैसे मोजतों ते कांहीं दुर्मिळ जिन्नसांचे नव्हेत. मोजून ठेवलेल्या प्रमाणाचे. ज्या घरांत वजनाचा कांटा आहे तेथें १२० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम पिठीसाखर, २५ ग्रॅम कोको, एक सपाट चमचा बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ तीन वेळां चाळून डब्यांत भरलें कीं, एका लहान खोक्याची भरती झाली. हा डबा महिनाभर सुखानें टिकतो आणि खोक्यापेक्षां स्वस्त पडतो. ज्या घरांत कांटा नाहीं व वाटीचें माप दर वेळीं बदलतें, तेथें खोकेंच बरें.

अंडें न चालणाऱ्या घरांना एवढेंच सांगावयाचें कीं, आपल्या देशांतील वेष्टनावर हिरवा ठिपका असल्यास आंत अंडें नाहीं. अंडें असलेला पदार्थ कायद्यानें मांसाहारी खुणेखालीं येतो, व ती खूण आतां चौकटींतील तपकिरी त्रिकोण अशी असते. अमेरिकेंतील खोक्यावर असा ठिपका शोधण्यांत अर्थ नाहीं. तेथील पिठांत बहुधा अंडें नसतें, तें वरून घालण्यास सांगितलेलें असतें. तरी यादी अखेरपर्यंत वाचल्यावांचून तें देवघराशेजारच्या फडताळांत ठेवूं नये.

आतां पसरणाऱ्या कुकीचा प्रश्न. अमेरिकेंत घरोघर चालत आलेली कृति अशी : एक खोकें, दोन अंडीं, अर्धा कप तेल, आणि पाणी मुळींच नाहीं. सारी मेख या शेवटच्या शब्दांत आहे. तेंच पीठ पेलाभर पाण्यांत कालवलें तर पातळ होऊन केक फुगतो. पाणी काढून घेतलें म्हणजे साखर पुरती विरघळत नाहीं, मैद्याला ताण येत नाहीं, गोळा घट्ट राहतो आणि कुकी होते. पण ही कृति बसविली गेली तेव्हां खोक्यांत १८.२५ औंस, म्हणजे सुमारें ५१७ ग्रॅम पीठ असे. पुढें तें १५.२५ औंसांवर, म्हणजे ४३२ ग्रॅमवर आलें, आणि अलीकडे कांहीं खोकीं १३.२५ औंसांचीं, म्हणजे ३७५ ग्रॅमचीं निघूं लागलीं आहेत. खोकें तेवढेंच दिसतें, मावशींनीं वहींत लिहून पाठविलेली कृतीहि तीच, फक्त पीठ पांचव्या हिश्श्याहून अधिक घटलेलें! मग कुकी पसरली तर करणारीचा हात कां दोषी धरावा? खोक्याच्या कोपऱ्यांतील वजन आधीं वाचावें. ४३२ ग्रॅमला तेल ८० मिलिलिटरच्या आसपास पुरतें. ३७५ ग्रॅमला त्याहून कमी, आणि अंडें एकच घालून लागलें तर चमचाभर दूध.

अंड्याशिवाय करावयाच्या असतील तर आमचें प्रमाण असें. २५० ग्रॅम पिठास ६० ग्रॅम मऊ लोणी घ्यावें. पातळ केलेलें नको. वितळलेल्या लोण्यानें कुकी पुन्हां पसरते. लोणी पिठांत बोटांनीं चोळावें, रव्यासारखें झालें कीं दोन मोठे चमचे दूध शिंपडून गोळा जमतो का तें पहावें. जमत नसेल तर तिसरा चमचा, तोहि थेंबाथेंबानें. चुकून सैल झालेंच तर दोन चमचे कणीक घालून सांवरतां येतें. गोळा झांकून अर्धा तास शीतकपाटांत ठेवावा. ही पायरी कंटाळा करून गाळूं नये, कारण थंड लोणी भट्टींत उशिरा वितळतें आणि तोंवर कुकीची कड धरलेली असते. मग लहान लिंबाएवढे गोळे वळून, पिठीसाखरेंत घोळवून, थाळींत दोन-दोन बोटें अंतरानें ठेवावे. फुगतांना वरची साखर फाटून काळ्यापांढऱ्या भेगा पडतात, त्या मोठ्या शोभिवंत दिसतात. एवढ्या पिठांत सोळा-सतरा कुकी होतात.

ओव्हन आधीं १७५ अंशांवर तापवून घ्यावा आणि कुकी दहा ते बारा मिनिटें भाजाव्या. चॉकोलेटच्या पदार्थांत खरी अडचण अशी कीं, तो मुळांतच काळा असल्यामुळें भाजल्याचा रंग डोळ्यांस दिसत नाहीं. नानकटाई बदामी झाली कीं काढतों, तसें येथें चालत नाहीं. वरची ओली तकाकी गेली, कडेला बोट लावलें असतां ती टणक लागली आणि मधला भाग अजून दबतो आहे, अशा वेळीं थाळी बाहेर काढावी. ‘अजून कच्ची आहे’ असें घरांतील कोणीतरी म्हणणारच. तिकडे लक्ष देऊं नये. थाळीच्या उष्णतेनें ती आणखी शिजते व दहा मिनिटांत घट्ट होते. मध्यभाग टणक होईपर्यंत आंत ठेवली, तर निवल्यावर ती दातांची परीक्षा पाहते.

ओव्हन नसल्यास जाड बुडाची जुनी कढई घ्यावी. तळाशीं जाडें मीठ पसरून त्यावर तिवई ठेवावी, झांकण घालून मध्यम आंचेवर दहा मिनिटें तापवावी, मग आंच मंद करून थाळी आंत ठेवावी. वेळ पंधरा मिनिटांच्या पुढें जातो व एका वेळीं पांच-सहाच कुकी होतात. कित्येक जणी यासाठीं प्रेशर कुकर वापरतात. पाण्याशिवाय तापवून चांगला कुकर खराब करण्यापेक्षां टाकाऊ कढई वापरावी असें आमचें मत आहे.

आतां मुलांविषयीं. गोळे वळण्याचें काम आठ-दहा वर्षांच्या मुलामुलींना खुशाल द्यावें, आजोबांनाहि द्यावें. बसल्या जागीं होणारें, चाकू-विस्तवाचा संबंध नसलेलें असें काम घरांत फार थोडें असतें, आणि तेवढा वेळ घरच्या बाईनें खुर्चीवर बसून चहा घेण्यास कांहींच हरकत नाहीं. मात्र भांडें चाटूं देऊं नये. आपल्या अंड्यावांचूनच्या पिठांत भिण्यासारखें काय आहे, असें पुष्कळांस वाटतें. भय अंड्यापुरतें नसतें. मैदा हा कच्च्या धान्याचाच असतो व त्यांतील जंतु भाजल्यावांचून मरत नाहींत. २०२१ सालीं अमेरिकेंत केकच्या तयार पिठाशीं जोडलेली ई. कोलाय जंतूंची सांथ आली. तेथील रोगनियंत्रण केंद्रानें बारा राज्यांत मिळून १६ रुग्ण नोंदविले. त्यांत लहान मुलेंच अधिक होतीं, आणि चौकशींत कच्चें पीठ खाल्ल्याचें निघालें. चमचा चाटण्याचा हट्ट फारच झाला तर थोडी पिठीसाखर, कोको व दूध निराळें कालवून द्यावें.

कुकी पुरत्या निवल्याशिवाय डब्यांत भरूं नयेत. वाफ धरून त्या लगदा होतात. घट्ट झांकणाच्या स्टीलच्या डब्यांत पांच-सहा दिवस चांगल्या राहतात. पावसाळ्यांत मऊ पडल्या तर मंद ओव्हनमध्यें चार मिनिटें ठेवून पुन्हां निवूं द्याव्या. वळलेले कच्चे गोळे बर्फाच्या कप्प्यांत महिनाभर टिकतात. म्हणून आम्ही तर असें सुचवितों कीं, एका वेळीं दुप्पट पीठ भिजवावें आणि निम्मे गोळे तेथें ठेवावे. अवचित पाहुणे आले असतां पाट मांडून होईतों आठ कुकी तयार होतात, फक्त भाजण्याची वेळ दोन मिनिटांनीं वाढवावी.