पहिली पायरी कोणासाठी?

कॅमेऱ्याची गिऱ्हाइके दोन प्रकारची. एकाला घरचे बारसे आणि सुट्टीतली सहल टिपायची असते. दुसऱ्याला छंद जडलेला असतो. कंपनीला दोघेही हवेत. पहिल्यामुळे कारखाना चालतो, दुसऱ्यामुळे भिंगे खपतात. पंचाईत अशी, की स्वस्त कॅमेरा फार चांगला केला तर महागडा कोण घेणार? आणि फार वाईट केला तर नवखा पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही.

या पेचाचे उत्तम उदाहरण म्हणजे कॅननचा ईओएस ३००डी. २००३ च्या ऑगस्टमध्ये आलेला हा डिजिटल एसएलआर हजार डॉलरच्या आत मिळू लागला. त्याच वर्षीच्या, दीड हजार डॉलरच्या १०डी सारखाच सुमारे ६३ लाख बिंदूंचा सेन्सर त्यात होता. मग फरक कुठे? काही फरक खरे होते. अंग धातूऐवजी प्लास्टिकचे होते. पण फ्लॅशचा प्रकाश कमीजास्त करण्याची सोय, आयएसओ ३२०० यांसारख्या गोष्टी केवळ सॉफ्टवेअरने बंद ठेवल्या होत्या. हौशी मंडळींनी ते सॉफ्टवेअर बदलून त्या चालू केल्या, तेव्हा हे कुलूप उघड्यावर आले.

२००४ मध्ये निकॉनने डी७० आणला. त्यात फ्लॅशची ही सोय होती. २००५ मध्ये कॅननच्या ३५०डी मध्येही ती अवतरली. गिऱ्हाइकाच्या तक्रारीने जे घडत नाही ते शेजारच्या दुकानाने घडते, हा बाजाराचा जुनाच नियम!

काटछाट करूच नये, असे कोणी म्हणणार नाही. निकॉनने २००६ च्या डी४० मधून भिंग फिरवणारी मोटर काढली. जुन्या भिंगांचा आपोआप फोकस त्यामुळे गेला, हा तोटाच. पण कॅमेरा खरोखर लहान आणि स्वस्त झाला. खर्च वाचवण्यासाठी केलेली काटछाट गिऱ्हाईक समजून घेते. आहे ते लपवणे मात्र त्याला फसवणूक वाटते.

त्याहून मोठा घाव जिनाच तोडण्याचा. कॅननने २०१२ मध्ये ईओएस एम ही छोटी मालिका काढली आणि २०२३ पर्यंत ती गुंडाळली. तिची भिंगे कंपनीच्या नव्या आर मालिकेला बसत नाहीत. ज्याने विश्वासाने पहिली दोन भिंगे घेतली, त्याने वर चढायचे कसे?

आता तर खालचा बाजार मोबाइलने गिळला आहे. जपानी उत्पादक संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले; २०२३ मध्ये ८० लाखही नाहीत. अशा वेळी फक्त श्रीमंत हौशींसाठी कॅमेरे करण्याचा मोह होणारच. २०२३ च्या स्वस्त ईओएस आर१०० चा पडदा तर बोटाच्या स्पर्शाला दादच देत नाही. आणि तो विकायचा कोणाला, तर मोबाइलवर वाढलेल्या पिढीला!

हौशी माणूस आभाळातून पडत नाही. तो कालचा नवखाच असतो. स्वस्त कॅमेऱ्यात काय नाही, यापेक्षा तो घेतल्यावर पुढे वाट आहे की नाही, हे महत्त्वाचे. पहिली पायरी मोडून वरचा मजला सजवणाऱ्यांच्या घरी उद्या पाहुणे येणार तरी कसे?