निरर्थकतेचे सोपे सुख

मराठीच्या वर्गांतून ‘कोसला’ शिकवली जाते तेव्हा एक ठरीव उत्तर हमखास ऐकू येते: पांडुरंग सांगवीकरला जगण्यातले वैयर्थ्य कळलेले आहे आणि ‘कशालाच काही अर्थ नाही’ हाच या कादंबरीचा आशय आहे. उत्तरपत्रिकेत त्याला काम्यूच्या नावाची जोड दिली की गुणही मिळतात. मध्यंतरी एका तोंडी परीक्षेत एक हुशार विद्यार्थी याच्याही पुढे गेला. ‘‘सर, अर्थच नसेल तर मजा करावी, एवढेच उरते ना?’’ आम्ही परीक्षक हसलो आणि त्याला चांगले गुण दिले. त्या वेळी हसण्याऐवजी वाद घालायला हवा होता. तो राहून गेलेला वाद इथे घालतो आहे.

आधी तर्काचे पाहू. कशालाच मूल्य नसेल तर सुखालाही ते नाही. मग ‘मजा करावी’ यातला विध्यर्थ आला कुठून? सगळी मूल्ये मोडीत काढल्यावर त्यातले एक, नेमके आपल्या सोयीचे, हळूच खिशात टाकायचे आणि वर स्वतःला शून्यवादी म्हणवायचे, हा वैचारिक अप्रामाणिकपणा आहे. (नागार्जुनाच्या शून्यतेशी याचा काही संबंध नाही. ती गल्लत करणे हा आणखी एक आळस.)

आता ‘कोसला’. 1963 साली आलेल्या या कादंबरीतले ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी उचलले, पण मनीचा मृत्यू उचलणे कुणाला जमले नाही. वडिलांच्या पैशांवर पुण्यात उधळपट्टी करणारा, वसतिगृह, गॅदरिंग, परीक्षा या सगळ्यांची टर उडवणारा पांडुरंग धाकटी बहीण देवीने जाते तेव्हा हादरून जातो. तिथे टर संपते. कशालाच अर्थ नसता तर एका लहान मुलीचे जाणेही ‘वगैरे’मध्ये जमा झाले असते. तसे ते होत नाही. शोक हा अर्थाचा सर्वांत जुना पुरावा आहे, कारण ज्याचे काहीच मोल नव्हते त्याच्यासाठी कुणी रडत नाही. पांडुरंगाची तक्रार आयते अर्थ खोटे निघाल्याची आहे. अर्थ नकोच, असे तो म्हणत नाही. पुढे नेमाड्यांनी 2010 साली ‘हिंदू’ला ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ असे उपशीर्षक दिले. त्यातल्या ‘अडगळ’ या शब्दाइतकेच ‘समृद्ध’ या शब्दाकडेही लक्ष द्यायला हवे.

काम्यूचीही अशीच अर्धवट साक्ष काढली जाते. ‘द मिथ ऑफ सिसिफस’ (1942) आत्महत्येच्या प्रश्नापासून सुरू होते आणि तिला ठाम नकार देते. त्यात डॉन हुआन हा सुखशोधकही एक नमुना म्हणून येतो, हे खरे. पण काम्यू तिथे थांबला नाही. ‘द प्लेग’ (1947) मधला डॉक्टर रिय्यू विश्वाला हेतू आहे असे मानत नाही, तरी ओरान शहरात रोज रुग्णांकडे जातो. विश्वाने अर्थ पुरवला नाही म्हणून समोरचा रुग्ण खोटा ठरत नाही, एवढे त्याला पुरते.

आणि ज्या 1963 साली ‘कोसला’ आली, त्याच साली बाबुराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रहही आला. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. शीर्षककथेतला तरुण राहण्यापुरती जागा मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. ‘सगळे निरर्थक आहे’ हे वाक्य त्याला कुणी ऐकवून पाहावे! सगळेच निरर्थक असेल तर त्याचा अपमानही निरर्थक आणि मारणाऱ्यांचा हातही निर्दोष. शून्यवादाचा खरा लाभ नेहमी मारणाऱ्याला होतो, हे आपल्या वर्गांतून सांगितले जात नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ‘जीवनाचा अर्थ’ ही भाषा कीर्तनकारांपासून व्यवस्थापन-गुरूंपर्यंत सगळ्यांनी इतकी झिजवली आहे, की तरुणांना तिचा वीट यावा हे साहजिकच आहे. तो वीट मलाही आहे. पण नासके अन्न फेकून देणे वेगळे आणि भूकच नाही म्हणणे वेगळे. सुखाशीही माझे भांडण नाही. दोस्तांबरोबरचा चहा, उत्तररात्रीपर्यंत रंगलेली मैफल यांना तुच्छ लेखणारा माणूस साहित्य काय वाचणार? पण तिथेही आपण असतो ते त्या दोस्तांवर आणि त्या सुरांवर जीव असतो म्हणून. सुख त्याच्या मागोमाग येते.

त्या विद्यार्थ्याला आज पुन्हा प्रश्न विचारता आला तर एवढेच विचारीन: कुणाच्या जाण्याने तुझे ‘वगैरे’ थांबेल? एक जरी नाव सुचले, तरी तुझे उत्तर चुकले होते आणि आम्ही दिलेले गुणही.