पोरांना कळतं, तरी पन्नी सुटत नाही

‘कॉलेजच्या पोरांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही.’ मानोऱ्यात प्लास्टिकचा विषय निघाला की कुणीतरी ज्येष्ठ माणूस हे वाक्य बोलतोच, आणि मग ठरलेला उपाय येतो : जनजागृती करा. रॅली काढा, फलक रंगवा, शपथ द्या. मला हे निदान चुकीचं वाटतं, आणि निदानच चुकल्यामुळे उपायही वर्षानुवर्षं वाया जातो आहे.

आधी जाणिवेचंच बघू. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देऊन पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी त्याचा अभ्यासक्रम तयार केला. आज बी.ए. किंवा बी.कॉम. करणारं पोर शाळेपासून प्लास्टिकवर निबंध लिहीत आलेलं असतं. पन्नी कुजत नाही, नालीत अडकते, उकिरड्यावरची गाय ती शिळ्या अन्नासकट गिळते, गाईच्या पोटात पन्नीचा गोळा होतो आणि शस्त्रक्रिया केल्याशिवाय तो निघत नाही, हे ते पोर न अडखळता सांगेल. त्याच्या बापाला त्या वयात यातलं निम्मंही माहीत नव्हतं. जे भांडं भरलेलं आहे त्यातच आपण पाणी ओततो आहोत.

मग तेच पोर संध्याकाळी पन्नीत चहा बांधून का नेतं? ढोंगी आहे म्हणून, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. भाजीच्या गाडीजवळ पाच मिनिटं उभं राहून बघा. तुम्ही तोंड उघडायच्या आत विक्रेत्याने बोटाने पन्नी सुटी केलेली असते, सांभार तिच्यात गेलेला असतो आणि ती दुसऱ्या मोठ्या पन्नीत पडलेली असते. नको म्हणायचं तर मागची गर्दी थांबवून बोलावं लागतं, आणि हातात थैली असावी लागते. आई बाजाराला निघते ती ठरवून, थैली घेऊन. पोर सकाळी एसटीने येतं ते वर्गासाठी, आणि दुपारी घरून फोन येतो, ‘येताना अर्धा किलो टमाटे आण.’ विद्यार्थ्याची खरेदी अशी न ठरवता होते. तिथे त्याची मतं उपयोगी पडत नाहीत, त्याला त्या क्षणी थैली लागते.

आणि गंमत म्हणजे, गावात दिवसभर पाठीवर पिशवी घेऊन फिरणारा माणूस हाच आहे. त्याच्या सॅकमध्ये घडी घातलेली कापडी थैली एका वहीपेक्षा कमी जागा घेते. पन्नी सोडणं ज्याला सगळ्यात सोपं, त्यालाच आपण बेफिकीर ठरवून ठेवलं आहे.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांकडूनच येतो : ‘कारखाने बंद करा, आम्हाला कशाला धरता?’ यातला अर्धा भाग बरोबर आहे, तो मान्यच करायला हवा. मुंबईत २६ जुलै २००५ ला पाणी भरलं तेव्हा तुंबलेल्या गटारांतल्या पिशव्यांवर बोट ठेवलं गेलं आणि राज्यात निर्बंध आले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने हँडल असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार दंड आणि तीन महिने कैद. केंद्रानेही ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी बंद केली. तरी भाजीच्या गाडीवर पन्नीचा गठ्ठा लटकतोच आहे. तो कुठेतरी बनतो आणि कुणीतरी ठोकने विकतो. त्याच्यापर्यंत न पोचता हातगाडीवाल्याला पाच हजारांची पावती फाडणं हा अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणतो.

पण या आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग टिकत नाही. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये बंदी न घालता दुकानातल्या प्लास्टिक पिशवीवर पंधरा सेंट कर लावला आणि वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. कारखाने तेच आणि माणसंही तीच होती. फक्त गल्ल्यावर ‘पिशवी हवी का?’ हा प्रश्न आला आणि उत्तर देण्याआधी माणूस थांबला. आपल्याकडे पन्नी फुकट दिसते, कारण तिचे पैसे टमाट्याच्या भावात मिसळलेले असतात. ते थांबणं आपल्या बाजारात सुरू करायला कुठल्याही शासन निर्णयाची गरज नाही.

तिसरा आक्षेप मोबाइलवर वाचणाऱ्या हुशार पोरांचा : कापडी पिशवी प्लास्टिकपेक्षा जास्त प्रदूषण करते. हे निराधार नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशोब मांडला की हवामानाच्या दृष्टीने नवी सुती पिशवी एकदा वापरून फेकलेल्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला १३१ वेळा वापरावी लागते. पण तो हिशोब नव्या पिशवीचा आहे, आणि उकिरड्यावर पडलेली पिशवी पुढे काय करते ते त्यात धरलेलं नाही. आपल्या शिवारात पऱ्हाटी उभी असते, आणि घराघरात जुनी लुगडी, फाटलेल्या चादरी, आखूड झालेल्या पँटी पडून असतात. त्यांचा कापूस कधीच पिकला, त्यांचं पाणी कधीच खर्च झालं. त्यांच्या थैलीला नव्या पिशवीचा हिशोब लागू होत नाही. आणि १३१ वेळा? रोज कॉलेजला येणाऱ्याची थैली तेवढ्या वेळा सहज वापरून होईल. सावध राहायचं ते कार्यक्रमांत वाटल्या जाणाऱ्या, कापडासारख्या दिसणाऱ्या नॉनवोव्हन पिशव्यांपासून. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात.

आता मी काय म्हणतो ते. आपल्या विद्यापीठाला, म्हणजे आपल्या पोरांच्या पदवीलाही, संत गाडगेबाबांचं नाव आहे. १८७६ साली शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावात आला की आधी खराटा हातात घ्यायचा, गाव झाडायचा आणि कीर्तन रात्री करायचा. आधी काम, मग बोलणं. आपण नेमका हा क्रम उलटा केला आहे. पोरांना घोषणा देतो, काम देतच नाही. स्वागताचा गुच्छ प्लास्टिकात गुंडाळून पाहुण्याच्या हाती देतो आणि त्याच मंचावरून प्लास्टिकमुक्तीची शपथ देतो. हे पोरं बघतात, आणि त्यातून जे शिकायचं ते शिकतात.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाकडे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक शिबिर असतं. त्यातले काही तास गावातल्या शिंप्याजवळ बसून जुन्या कापडाच्या थैल्या शिवण्यात जाऊ द्या. त्या भाजीच्या गाड्यांवर दहा रुपये अनामत घेऊन ठेवा, थैली परत आली की दहा रुपये परत. विक्रेत्याचा पन्नीचा खर्च वाचेल आणि गिऱ्हाइकाला विचारायचा प्रश्नही त्याच्या हाती येईल. चहाच्या टपरीवर कॉलेजची एक किटली ठेवा. रामनवमीला आपल्याच तालुक्यातल्या पोहरादेवीला देशभरातून बंजारा भाविक येतात. प्रसादाच्या दुकानांजवळ चार-चार पोरं थैल्या घेऊन उभी राहिली, तर ती गोष्ट कितीतरी तांड्यांपर्यंत जाईल.

प्राचार्यांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे : या वर्षीची रॅली रद्द करा आणि त्या दिवशी कॉलेजात शिंपी बोलवा.