हायब्रीड गाडी : घाटात आणि खातेवहीत

पूर्वी लग्नसमारंभात भेटणारी मंडळी मला मुदतठेवीचा दर विचारीत. गेल्या दोन वर्षांत प्रश्न बदलला आहे. "साहेब, हायब्रीड घ्यावी का?" असे विचारणाऱ्यांत केवळ तरुण मुले नसतात, दुकानाच्या गादीवर बसणारे त्यांचे काकाही असतात. प्रश्न पंधरा-वीस लाखांच्या गाडीपुरता राहिला नसून साठ-पासष्ट लाखांपर्यंत जाऊन पोहोचला आहे, म्हणून त्याचा सविस्तर विचार करणे योग्य वाटते.

प्रथम शब्दाचा गोंधळ दूर करू. विक्रेते 'हायब्रीड' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गाड्यांना लावतात. पहिल्या प्रकारात छोटी मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. अनेक जर्मन आलिशान गाड्यांतील ४८ व्होल्टची व्यवस्था याच जातीची. दुसऱ्या प्रकारात मोटर स्वतः गाडी चालवू शकते आणि बॅटरी चालता चालताच भरते. तिला भिंतीतली वीज लागत नाही. तिसऱ्या प्रकारात बॅटरी मोठी असते आणि ती घरी तार जोडून भरावी लागते. सौद्याला बसताना यांपैकी नेमका कोणता प्रकार आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

दुसऱ्या प्रकाराची पायवाट टोयोटाने पाडली. 'प्रियस' ही गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. त्याच कंपनीच्या लेक्सस या आलिशान शाखेने २००५ मध्ये 'आरएक्स ४०० एच' ही हायब्रीड एसयूव्ही बाजारात आणली. तिचीच धाकटी बहीण म्हणावी अशी 'एनएक्स ३५० एच' मार्च २०२२ मध्ये भारतात आली, तेव्हा किंमत सुमारे ६५ लाखांपासून होती. एका स्नेह्यांनी अशी गाडी घेतली आणि धाराशिवहून सोलापूरला जाऊन येईपर्यंत चाक माझ्या हाती दिले.

कळ दाबल्यावर काहीच घडत नाही, निदान कानाला तरी. गाडी सुरू झाल्याचे केवळ समोरच्या पडद्यावरून कळते. बाजारपेठेतल्या गर्दीत, हातगाड्या आणि दुचाक्यांच्या मधून, ती बहुतेक वेळ मोटरवरच सरकत होती. इंजिन मधेच जागे होई आणि पुन्हा झोपी जाई. हा बदल पायाला जाणवत नाही. हायब्रीडची खरी कमाई इथे आहे. जिथे साधी पेट्रोल गाडी उभ्या उभ्या इंधन जाळते, तिथे ही गाडी जाळत नाही.

राष्ट्रीय महामार्ग ५२ वर शंभरच्या वेगाला लागल्यावर चित्र पालटले. सरळ चौपदरी रस्त्यावर ब्रेक लावण्याचे प्रसंग थोडे, त्यामुळे परत मिळवायची शक्तीही थोडी. तिथे भार मुख्यतः अडीच लिटरच्या पेट्रोल इंजिनावरच राहतो. ज्यांचा प्रवास बहुतांशी पुणे आणि हैदराबादच्या महामार्गांवर होतो, त्यांनी शहरातला ॲव्हरेज ऐकून हुरळून जाऊ नये.

तुळजापूरचा घाट उतरताना मात्र मौज वाटली. एरवी उतारावर ब्रेकमधून उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती इथे मोटर जनित्रासारखी चालून बॅटरीत साठवते. पडद्यावरचा बॅटरीचा पट्टा भरत जाताना पाहून मला बचत खात्यात व्याज जमा होण्याची आठवण झाली. हे खाते लवकर भरते, कारण बॅटरी लहान असते. भरल्यावर नेहमीचे ब्रेक आणि इंजिनाचा रोध यांवरच उतरावे लागते. परतीच्या चढावर दोघांनी मिळून, म्हणजे इंजिन आणि मोटरने, सुमारे २४० अश्वशक्तीचा जोर लावला. मागच्या चाकांना स्वतंत्र मोटर असल्याने वळणांवर गाडी घट्ट पकड ठेवते. एक गोष्ट खटकली. पेडल जोरात दाबले की इंजिन एकदम वरच्या सुरात जाते आणि तिथेच घुमत राहते. गिअर बदलण्याचा टप्पा नसल्याने जुन्या कानांना ते विचित्र वाटते. पाय हलका ठेवला तर हा सूर निघत नाही, आणि इंधनही वाचते.

मुख्य रस्ता सोडून शेताकडच्या खडीच्या वाटेला लागलो, तेव्हा मोठ्या चाकांच्या पातळ टायरांची काळजी वाटू लागली. असा टायर फुटला तर तो धाराशिवच्या दुकानात टांगलेला नसतो.

आता खातेवही उघडू. इनोव्हा हायक्रॉस ही गाडी साध्या पेट्रोलमध्ये आणि हायब्रीडमध्ये, अशी दोन्ही मिळते, म्हणून तुलनेला सोयीची. प्रमाणित ॲव्हरेज लिटरला अनुक्रमे १६.१३ आणि २३.२४ किलोमीटर. वर्षाला २०,००० किलोमीटर फिरणे धरले, तर सुमारे ३८० लिटर पेट्रोल वाचते. दर १०५ रुपये धरल्यास वार्षिक बचत जवळपास ४०,००० रुपये. दोहोंच्या किमतीत सहा लाखांचा फरक धरला, तर त्यावरील नऊ टक्के व्याजच ५४,००० होते. फिरणे दुप्पट-अडीचपट असेल तरच हा सौदा इंधनाच्या जोरावर उभा राहतो. एरवी तो शांततेसाठी आणि सुखासाठी असतो, आणि तसे म्हणायला संकोच वाटण्याचे कारण नाही. ६५ लाखांच्या गाडीबाबत तर इंधनाची गोष्टच काढू नये. प्राप्तिकराच्या नियमाने १५ टक्के घसारा धरला तरी पहिल्या वर्षी तिचे मूल्य पावणेदहा लाखांनी उतरते.

"पण घसाऱ्यामुळे कर वाचतो ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. वाचतो, पावणेदहा लाखांवर तीस टक्क्यांच्या हिशेबाने तीन लाखांच्या आसपास, तेही गाडी धंद्यासाठी वापरली तेवढ्याच प्रमाणात. गाडीवर भरलेल्या जीएसटीचा परतावा सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोठ्या हायब्रीडवर उपकरासह ४३ टक्के आणि मोठ्या साध्या एसयूव्हीवर ५० टक्के कर होता. आता दोन्हींवर ४० टक्के आहे. म्हणजे दोघी स्वस्त झाल्या, पण हायब्रीडची सवलत संपली. निव्वळ विजेच्या गाडीवर मात्र पाच टक्केच राहिले. आपल्या राज्यात कंपनीच्या नावावर गाडी नोंदवल्यास एकरकमी मोटार वाहन कर २० टक्के लागतो, व्यक्तीच्या नावावर २० लाखांवरील पेट्रोल गाडीस १३ टक्के. ६५ लाखांवर हा फरक साडेचार लाखांचा आहे. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो. तो विवरणपत्रात वळता करून घेण्यास विसरू नये.

याहून मोठी चिंता मला वेगळीच वाटते. बँकेतल्या नोकरीत एका आडत व्यापाऱ्याचे खाते माझ्याकडे होते. त्यांनी मोठी गाडी घेतली. कर्ज रीतसर काढले, पण स्वतःच्या हिश्शाचे बारा लाख कॅश क्रेडिट खात्यातून उचलले. महिन्याभरात सोयाबीनची आवक सुरू झाली. मर्यादा भरलेली, शेतकऱ्याला तर पट्टी त्याच दिवशी द्यायची. बाजारातून दरमहा दोन टक्क्यांनी बारा लाख तीन महिन्यांसाठी उचलावे लागले. व्याज झाले ७२,०००. खेळते भांडवल चाकांवर चढवले की ते हंगामात परत येत नाही. गाडी मार्चनंतर, गोदाम मोकळे झाल्यावर आणि नफ्याच्या शिलकीतून घ्यावी, असे मी तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाला सांगत आलो.

देखभालीचे अंतरही मोजावे. लेक्ससच्या दुरुस्तीसाठी आपल्या जिल्ह्यातून पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते. टोयोटाची सेवा त्या मानाने जवळ आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला सुमारे २०,००० कोटींचा हायब्रीड आणि विजेच्या गाड्यांचा कारखाना उभारण्यासाठी टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला आहे. हाच ५२ क्रमांकाचा महामार्ग आपल्या दारावरून त्या शहराकडे जातो.

ज्यांचे ठरलेच आहे, त्यांनी चाचणीची फेरी शोरूमभोवतीच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नये. घरातले चार जण बसवून, सामान भरून, गाडी घाटात न्यावी. आणि मागच्या आसनावर आईवडिलांना बसवावे. कंबरेला धक्का बसतो की नाही, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगणार नाही.