डेड स्टॉकमधला बिगूल

पंधरा ऑगस्टला आठवडा उरला की शाळाशाळांतून एक कपाट उघडते. आतून साइड ड्रम, झांजा, बिगूल, एखादा ट्रम्पेट बाहेर येतो, आणि सोबत वर्षभराचा कुबट वास. उल्हास नदीकाठच्या शहाडमध्ये ऑगस्टची हवा म्हणजे डब्यातले पापडही सादळणार. तिथे कोंडलेल्या पितळेने चकचकीत राहावे तरी कसे?

बँकेच्या नोकरीत डेड स्टॉक रजिस्टरशी माझा पुष्कळ संबंध आला. खुर्च्या, टेबले, पंखे त्यात नोंदलेले. शाळेचा बँडही अशाच रजिस्टरात असतो आणि ‘हरवले तर भरून कोण देणार?’ या धास्तीने कुलपात राहतो. माझे मत उलट आहे. वाचनालयाच्या पुस्तकासारखी सही घेऊन वाद्य जूनमध्येच मुलाच्या घरी द्यावे. त्याची निगा मुलानेच राखावी.

निगा म्हणजे फार काही नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. फुंकताना श्वासातली वाफ आणि लाळ नळीत साचते. ती तशीच राहिली तर हळूहळू जस्त निघून जाते, धातूवर गुलाबी ठिपके उमटतात आणि पुढे भोक पडते. म्हणून वाजवून झाले की नळीतले पाणी काढावे. माउथपीस कोमट पाण्यात साबणाने धुऊन कोरडा करावा. तो अडकून बसला तर पक्कड लावू नये, दुरुस्तीवाल्याकडे न्यावे. ट्रम्पेटच्या व्हॉल्व्हना त्यांचेच पातळ तेल हवे. खोबरेल तर मुळीच नको, डिसेंबरच्या सकाळी ते थिजते! ड्रमचे सोपे: त्यावर दप्तर ठेवू नये, एवढेच.

उत्साही आयांना मात्र एक विनंती. चिंच किंवा पितांबरी देवघरातल्या समईसाठी ठेवा. बहुतेक ट्रम्पेटवर लॅकरचा पारदर्शक थर असतो. घासून तो गेला की पितळ अधिकच लवकर काळवंडते. मऊ सुती फडके पुरे. मिरजेच्या तंबोऱ्याला आपण प्रेमाने गवसणी शिवतो आणि मेरठच्या जाली कोठीत घडलेला बिगूल प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबतो. त्या पिशवीत ओल कोंडते. जुन्या चादरीची गवसणी शिवायला कितीसा वेळ लागतो?

खरी काळजी वेगळीच आहे. एका बिगुलाला चार मुलांची तोंडे लागतात. २०२० च्या करोनानंतरही हे चालावे, याचे नवल वाटते. आख्खे वाद्य परवडत नसेल, पण प्रत्येक मुलाला स्वतःचा माउथपीस घेऊन देणे पालक-शिक्षक संघाला जड जाऊ नये.

वाद्य घरी आले की माळ्यावर किंवा उंच फळीवर ठेवावे. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या तळमजल्यांना हे सांगायला नकोच. आणि शेजारी कुरकुरतील, हे खरे. त्यांना आधी जाऊन सांगावे: संध्याकाळी सात ते साडेसात, खिडक्या लावून. परीक्षेच्या दिवसांत सुट्टी.